मागे ठेवलेलं खातं उणेत जातं तेव्हा

अमेरिकेत दोन-चार वर्षं शिकून किंवा नोकरी करून माणूस परत येतो, तेव्हा घर रिकामं करतो, गाडी विकतो, फर्निचर कुणाला तरी देऊन टाकतो. बँकेतलं चेकिंग अकाउंट मात्र तसंच ठेवतो. चाळीसएक डॉलर पडलेले असतात, पुन्हा गेलो तर कामाला येईल असा हिशोब असतो. ही सवय आपल्याकडची आहे आणि आपल्याकडे ती फारशी महागात पडत नाही. भारतात बचत खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे जाते, आणि तीही अर्ज करून परत मिळते. किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडापोटी बचत खातं उणे करायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. अमेरिकेतल्या चेकिंग अकाउंटला अशी तळाची फळी नाही. ते शून्यातून खाली जातं आणि खाली जातच राहतं.

आम्ही यातून गेलो, नंतर ओळखीतल्या आणखी काहींचे कागद पाहिले. घरचं पुराण बाजूला ठेवून कामाचं तेवढं लिहितो.

आधी हे घडतं कसं ते आकड्यांत पाहा. खात्यात ३८ डॉलर आहेत. विद्यार्थी म्हणून माफ असलेली मासिक फी शिक्षण संपल्यावर किंवा ठरावीक वय ओलांडल्यावर सुरू होते. महिना १२ डॉलर धरू. तीन महिन्यांत शिल्लक २ डॉलर. चौथ्या महिन्यात उणे १०. तेवढ्यात विसरलेली एखादी वर्गणी, जिमची किंवा फोन ॲपची, १५ डॉलर ओढून नेते. बँक ती रक्कम देते आणि वर ३५ डॉलर ओव्हरड्राफ्ट फी लावते. झाले उणे ६०. पुढच्या महिन्याची फी धरून उणे ७२. यात प्रत्यक्ष खर्च १५ डॉलरचा, बाकी सगळी फी. २०१० पासून नियम असा आहे की एटीएम आणि दुकानातल्या एकवेळच्या डेबिट कार्ड व्यवहारावर ओव्हरड्राफ्ट फी घ्यायची तर ग्राहकाची आधी संमती लागते. चेक, खात्यातून थेट वळते होणारे हप्ते आणि कार्डावर दरमहा लागणारी वर्गणी या नियमात येत नाहीत. म्हणून ‘मी तर ओव्हरड्राफ्ट घेतलाच नव्हता’ हे वाक्य बँकेत चालत नाही. २०२२ पासून काही मोठ्या बँकांनी ही फी पूर्णच बंद केली, पण तुमच्या खात्यावर फी त्याआधीच लागली असेल किंवा खातं दुसऱ्या बँकेतलं असेल तर त्याचा उपयोग नाही.

खातं सलग उणे राहिलं की साधारण ६० दिवसांच्या आत बँक ते बंद करून रक्कम बुडीत खाती टाकते. याला तिकडे चार्ज-ऑफ म्हणतात. बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणांचीच २००५ पासूनची ही सूचना आहे. पत्रं जुन्या पत्त्यावर जातात, ई-मेल कॉलेजच्या बंद झालेल्या पत्त्यावर. त्यानंतर बँक नोंद पाठवते ती चेक्ससिस्टम्स नावाच्या संस्थेला. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. क्रेडिट स्कोअर ज्या तीन संस्था ठेवतात त्यांच्याकडे ही नोंद बहुधा नसतेच, त्यामुळे स्कोअर ७६० आणि खातं उघडायला नकार, असं दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतं. कर्जाची वही वेगळी, ठेवखात्याची वही वेगळी. ठेवखात्यांचीच आणखी एक वही अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस या कंपनीकडे असते. ती सात मोठ्या बँकांच्या मालकीची आहे आणि पैसे पाठवायची ‘झेल’ ही सेवा तीच चालवते. चेक्ससिस्टम्स नोंद साधारण ५ वर्षं ठेवते, अर्ली वॉर्निंग ७ वर्षांपर्यंत.

आता माणूस एच-वन-बीवर परत जातो, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जातो, आणि काउंटरवरची व्यक्ती कीबोर्डवर काहीतरी टाइप करून म्हणते, ‘आत्ता आम्हाला हे खातं उघडता येणार नाही.’ ती कारण सांगत नाही, कारण तिच्या पडद्यावर फक्त नकार दिसतो. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. मागायचं ते नकाराचं पत्र. कुठल्या संस्थेच्या अहवालावरून नकार दिला, तिचं नाव, पत्ता आणि फोन त्या पत्रात देणं कायद्याने बँकेवर बंधनकारक आहे; कायदा १९७० चा, फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट. ते हातात आलं की ६० दिवसांच्या आत त्या संस्थेकडून अहवाल फुकट मागवता येतो. ऑनलाइन अर्ज केला असेल तर हे पत्र ई-मेलने किंवा बँकेच्या पोर्टलवर येऊन पडतं आणि जाहिरातींच्या ढिगात हरवतं. शोधा.

पत्रात कुठल्याच संस्थेचं नाव नसेल आणि ‘ओळख पडताळता आली नाही’ असं काही असेल, तर दुखणं वेगळं आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळख क्रमांक तपासल्याशिवाय बँकेला खातं उघडता येत नाही, आणि आपल्या नावांची तिकडच्या यंत्रणेत नेहमी ओढाताण होते. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते मधलं नाव होतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. आडनावाचा रकानाच रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं. अशा वेळी चेक्ससिस्टम्सच्या मागे लागून काही होत नाही. पासपोर्ट, आय-९४ (देशात येण्या-जाण्याची सरकारी नोंद) आणि घराचा करार घेऊन शाखेत जायचं, एवढंच. आणखी एक साधं कारण तपासा. मागे कधी ओळखचोरीच्या भीतीने तुम्हीच चेक्ससिस्टम्सच्या फाइलला फ्रीझ लावून ठेवलं असेल, तर बँकेला फाइल दिसत नाही आणि अर्ज नाकारला जातो. फ्रीझ तात्पुरतं उठवायचं आणि पुन्हा अर्ज करायचा.

अहवाल दोन्ही संस्थांकडून मागवावा. नकार नसला तरी वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चेक्ससिस्टम्सकडे पोर्टल, फोन आणि टपाल असे तिन्ही मार्ग आहेत. पोर्टल ओळख पटवण्यासाठी जुन्या पत्त्यांबद्दल प्रश्न विचारतं आणि चार वर्षं देशाबाहेर असलेला माणूस तिथे अनेकदा अडतो. मग टपालच बरं: सोशल सिक्युरिटी कार्डाची आणि पासपोर्टची प्रत, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, आणि मागच्या सगळ्या अमेरिकन पत्त्यांची यादी. तारखेकडे लक्ष द्या. आपण ४ जुलै लिहिताना दिवस आधी लिहितो, तिकडे महिना आधी. जन्मतारीख उलटी गेली की ‘फाइल सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस फुकट खूश होतो.

अहवालात बरंच काही असतं, त्यातला बहुतेक भाग निरुपद्रवी. कुणी कधी चौकशी केली, चेकबुक कधी मागवलं, सोशल सिक्युरिटी क्रमांक कुठल्या राज्यात दिला गेला, वगैरे. महत्त्वाचा भाग एकच: बँकेने कळवलेली बंद खाती. तिथे पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या. नोंद कुणी केली, कुठल्या तारखेला, मूळ रक्कम किती, त्यातली किती भरलेली दाखवली आहे, आणि कारणाच्या रकान्यात नेमके कुठले शब्द आहेत. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ओव्हरड्राफ्ट किंवा अपुरी शिल्लक लिहिलं असेल तर हे उधारीचं प्रकरण आहे आणि ते पैशाने सुटतं. ‘खात्याचा गैरवापर’ लिहिलं असेल तर शब्द भीतिदायक असला तरी तो बरेचदा उधारीचाच भाऊ असतो. ‘संशयित फसवणूक’ असेल तर नुसत्या पैशाने सुटत नाही, त्याबद्दल पुढे.

उधारी खरी असेल तर पहिलं काम ती आता कुणाकडे आहे हे शोधणं. बँकेच्या साध्या ग्राहक सेवेला बंद खातं दिसतच नाही; त्यांना ‘रिकव्हरी’ किंवा ‘चार्ज-ऑफ’ विभागाकडे जोडून द्या असं सांगावं लागतं. तीन शक्यता असतात. पैसे अजून बँकेचेच येणे आहेत. बँकेने वसुली एजन्सीला काम दिलं आहे पण मालकी बँकेची. किंवा बँकेने उधारी विकून टाकली आहे. पहिल्या दोन्हींत शक्य असेल तर थेट बँकेला भरा, कारण चेक्ससिस्टम्सला कळवणारी बँक आहे आणि ‘भरलं’ हा शेरा तिलाच मारायचा आहे. विकली असेल तर बँक पैसे घेणार नाही. मग खरेदीदार एजन्सीशी बोलावं लागतं, आणि बोलण्याआधी उधारीचा तपशील लेखी मागावा. एजन्सीने पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत तो द्यायचा असतो, आणि तुम्हाला ३० दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी गेली की पुरावा येईपर्यंत वसुली थांबते. मूळ ७२ डॉलरचे २१० कसे झाले हे विचारायची जागा हीच.

जुनी उधारी असेल तर दोन वेगवेगळ्या मुदती डोक्यात वेगळ्या ठेवाव्या लागतात. नोंद किती वर्षं दिसते ही एक, आणि कोर्टात दावा किती वर्षं लावता येतो ही दुसरी. दुसरी राज्यागणिक बदलते, बऱ्याच राज्यांत तीन ते सहा वर्षं. थोडी रक्कम भरली की ही दुसरी मुदत अनेक राज्यांत नव्याने सुरू होते. म्हणून द्यायचे तर पूर्ण द्या; ‘आत्ता सद्भावना म्हणून २० डॉलर टाका’ असं वसुलीवाला गोड आवाजात म्हणतो ते ऐकू नका. पैसे भरल्याने चेक्ससिस्टम्सची पाच वर्षं मात्र नव्याने सुरू होत नाहीत. आणि नोंद होऊन चार वर्षं दहा महिने झाले असतील, तर दोन महिने थांबलं की ती आपोआप जाईल हेही खरं. पण ज्या बँकेचे पैसे बुडाले ती स्वतःची वही वेगळी ठेवते आणि तिला पाच वर्षांचं बंधन नाही. त्याच बँकेत परत जायचं असेल तर भरावेच लागतात.

रक्कम लहान असेल तर घासाघीस करू नये, हे आमचं स्पष्ट मत. ७२ चे ४० करून घेतले की बँक ‘पूर्ण भरलं’ऐवजी ‘तडजोडीने मिटवलं’ असा शेरा मारते आणि पुढची बँक त्या दोन शब्दांतला फरक वाचते. मोठी रक्कम तडजोडीत सोडली तर आणखी एक शेपूट येतं: ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाले की बँक १०९९-सी नावाचा फॉर्म काढते आणि माफ झालेली रक्कम उत्पन्न म्हणून कर विवरणात येते.

भरायचे कसे? बंद खात्याच्या क्रमांकावर पैसे पाठवले तर ते परत येतात किंवा कुठेतरी लटकतात. रिकव्हरी विभाग जो संदर्भ क्रमांक देतो त्याच्यावरच पाठवायचे. तिकडे तुमचं सुरू असलेलं खातं नाही, म्हणून अमेरिकी टपाल खात्याची मनी ऑर्डर हा सोपा मार्ग. टपाल खात्याची एक मनी ऑर्डर १,००० डॉलरपर्यंतची असते. तिच्यावर नाव, जुन्या खात्याचे शेवटचे चार आकडे आणि संदर्भ क्रमांक लिहा, फोटो काढा, पावतीचा तुकडा जपून ठेवा, आणि सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा. वसुली एजन्सीला डेबिट कार्डाचा किंवा नवऱ्या-बायकोच्या खात्याचा क्रमांक फोनवर देऊ नये. ठरल्यापेक्षा जास्त ओढलं गेल्यावर ते परत मिळवायला लागणारे महिने त्या रकमेला परवडत नाहीत.

भारतात बसून हे करायचं असेल तर दोन अडचणी येतात. बँकांचे ८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक इथून बरेचदा लागत नाहीत. बँकेच्या संकेतस्थळावर परदेशातून फोन करायचा वेगळा क्रमांक असतो, तो वापरा. दुसरं, ७२ डॉलरसाठी आपल्या बँकेतून परदेशी रक्कम पाठवायची तर शुल्क, विनिमय दर आणि मधल्या बँकेची कपात धरून खर्च रकमेच्या जवळ जातो, आणि कपातीमुळे तिकडे ७२ ऐवजी ५५ पोचले तर खातं ‘अंशतः भरलं’ राहतं. तिकडच्या एखाद्या मित्राने कॅशियर्स चेक (आपल्याकडच्या पे ऑर्डरसारखा) काढून पाठवणं स्वस्त आणि नेमकं. विमानात बसण्याआधी हे उरकलं तर पोचल्यावर पगाराचं खातं अडत नाही.

खातं दोघांच्या नावावर असेल तर नोंद दोघांच्याही नावावर पडते. एच-४ वर आलेल्या जोडीदाराने त्या खात्याला हातही लावलेला नसतो, पण नंतर नोकरीचा परवाना मिळाल्यावर स्वतःचं पहिलं खातं उघडताना नकार तिलाही मिळतो. पैसे एकदाच भरायचे असतात, पण नोंदीचा पाठपुरावा दोघांच्या अहवालांवर वेगवेगळा करावा लागतो.

पैसे पोचल्यावर बँकेकडून पत्र मागायचं, बँकेच्या लेटरहेडवर: खातं क्रमांक, रक्कम, भरल्याची तारीख, शिल्लक शून्य, आणि चेक्ससिस्टम्सला हे कळवलं आहे हे वाक्य. फोनवर ‘झालं, अपडेट होईल’ म्हणतात ते खरं असलं तरी कागद नसेल तर पुढच्या बँकेत त्याचा उपयोग शून्य. त्याच वेळी दुसरं एक पत्र लिहावं, नोंदच काढून टाकण्याची विनंती करणारं. इथे नीट समजून घ्या: पैसे भरल्यामुळे नोंद पुसली जात नाही. तिचा शेरा बदलतो, ‘येणे’चं ‘भरलं’ होतं. खरी असलेली नोंद काढायला चेक्ससिस्टम्स तयार होत नाही, कारण ती फक्त बँकेने सांगितलेलं लिहून ठेवते. काढायचं तर ज्या बँकेने कळवलं तिनेच सांगावं लागतं, आणि ते तिच्या मर्जीवर आहे. पत्र अर्ध्या पानाचं असावं. देश सोडल्याची तारीख आय-९४ च्या नोंदीनुसार, फी कशी साचली त्याचे आकडे, पैसे भरल्याची तारीख, आणि विनंती. विमानतळावरची धावपळ आणि आजीचं आजारपण त्यात घालू नये. शाखेला पाठवलेलं पत्र कपाटात जातं. बँकेच्या मुख्यालयातल्या तक्रार विभागाला पाठवलं तर निदान त्याला क्रमांक पडतो. नकार आला तर महिनाभराने एकदा पुन्हा पाठवा. दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाच्या टेबलावर जातं.

आता नोंद चुकीची असेल तर. यात सगळ्यात जास्त सापडतात त्या चुका तीन: रक्कम भरूनही ‘येणे’ दाखवलेली, पाच वर्षं उलटूनही न गेलेली, आणि दुसऱ्याचंच खातं आपल्या फाइलीत. पाटील, जोशी, शिंदे, कुलकर्णी असली आडनावं आणि त्यांच्यासोबत येणारं त्याच दहा-पंधरा नावांपैकी एखादं नाव. एकाच अपार्टमेंट संकुलात राहून गेलेले दोघं विद्यार्थी फाइलीत एकमेकांत मिसळायला एवढं पुरतं. हरकत नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी द्या. संस्थेला ३० दिवसांत चौकशी करावी लागते. मधे तुम्ही नवे कागद दिले तर १५ दिवस आणखी मिळतात. निकाल पाच कामकाजी दिवसांत कळवायचा असतो. म्हणून सगळे कागद पहिल्याच पाकिटात घाला, हप्त्याहप्त्याने नको. एका हरकतीत एकच नोंद, एकच चूक आणि तिचा एकच पुरावा. ‘हे सगळं खोटं आहे, तपासा’ असं लिहिलं तर बँक आपल्या संगणकात पाहून ‘बरोबर आहे’ म्हणते आणि फाइल बंद होते. तीच हरकत नव्या पुराव्याशिवाय पुन्हा पाठवली तर ती निरर्थक ठरवून बाजूला ठेवायची मुभा संस्थेला आहे.

बँकेने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडे, सीएफपीबीकडे, बँकेविरुद्ध तक्रार नोंदवता येते. बँकेने साधारण १५ दिवसांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते, गुंतागुंतीचं असेल तर ६० दिवसांपर्यंत. याच विषयावरून ऑगस्ट २०१७ मध्ये या संस्थेने जेपी मॉर्गन चेसला ४६ लाख डॉलरचा दंड केला होता: ठेवखात्यांची माहिती बिनचूक कळवण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती आणि हरकतीचा निकाल ग्राहकांना कळवला जात नव्हता, म्हणून. बंद केलेलं खातं एखाद्या वर्गणीच्या वसुलीमुळे परस्पर पुन्हा उघडलं आणि उणेत गेलं, असंही होतं. अशी प्रथा अन्याय्य ठरू शकते असं मे २०२३ च्या परिपत्रकात सीएफपीबीने म्हटलं होतं. पण नंतर या संस्थेने आपली बरीच मार्गदर्शनपर परिपत्रकं मागे घेतली आहेत, म्हणून तक्रारीत परिपत्रकापेक्षा तारखांवर भर द्या: खातं कधी बंद करायला सांगितलं, बंद झाल्याचं पत्र कधीचं, वसुली कधीची.

‘संशयित फसवणूक’ हा शेरा विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो तो बहुतेक खोट्या चेकमुळे. घरबसल्या नोकरीची जाहिरात, पहिला चेक २,४०० डॉलरचा, त्यातले ४०० तुमचे, उरलेले अमुक ठिकाणी पाठवा. चेक वटायच्या आधीच काही रक्कम खात्यात वापरायला मिळते, कारण भरलेल्या चेकपैकी पहिली ठरावीक रक्कम पुढच्याच कामकाजी दिवशी देण्याचा नियम आहे. जुलै २०२५ पासून ती २७५ डॉलर आहे, आणि बाकीचीही बँक दोन-चार दिवसांत मोकळी करते. आपल्याकडे चेक वटला म्हणजे वटला, तिकडे पैसे दिसले म्हणजे वटला असं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी चेक खोटा म्हणून परत येतो, पाठवलेले २,००० गेलेले असतात, आणि बँक खातं बंद करून तुमचंच नाव कळवते. इथे क्रम असा: आधी रक्कम भरायची किंवा हप्ते लेखी ठरवायचे, मग पोलिस तक्रार, नोकरी देणाऱ्याचे ई-मेल, चेकचा फोटो आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या असा गठ्ठा बँकेच्या फसवणूक विभागाला पाठवून शेरा बदलण्याची मागणी करायची. ‘माझी ओळख चोरली’ असं मात्र लिहू नका. चेक तुम्ही स्वतः भरला होता. ओळखचोरीचं प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर तो गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला ते ७२ काय, ७,००० डॉलरपेक्षाही महाग पडेल. तुमच्या नकळत कुणीतरी खरोखरच तुमच्या नावाने खातं उघडलं असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाचा (एफटीसी) ओळखचोरीचा अहवाल भरून नोंद ठेवणाऱ्या संस्थेला द्या. आवश्यक कागद पोचल्यावर चार कामकाजी दिवसांत तिला ती नोंद रोखावी लागते.

पैसे घेऊन ‘रेकॉर्ड साफ’ करून देणाऱ्या कंपन्यांची वाट धरू नये. काम पूर्ण होण्याआधी फी घ्यायला १९९६ च्या कायद्याने त्यांना बंदी आहे, तरी मागतात. सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी ‘सीपीएन’ नावाचा नऊ आकडी क्रमांक वापरा असं कुणी सुचवलं तर फोन ठेवा.

हे सगळं होईपर्यंत पगार घ्यायला खातं तर हवंच. काही बँका आणि बरेच क्रेडिट युनियन (सभासदांच्या पतसंस्था) ‘सेकंड चान्स’ खातं देतात: महिन्याला थोडी फी, चेकबुक नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, आणि वर्षभर नीट चाललं की साधं खातं. त्याहून चांगलं म्हणजे ‘बँक ऑन’ प्रमाणपत्र असलेलं खातं. त्याचे निकष ठरलेले आहेत: उघडायला २५ डॉलरपेक्षा जास्त लागत नाहीत, माफ न होणारी मासिक फी ५ डॉलरच्या आत, आणि ओव्हरड्राफ्ट फी मुळीच नाही. मोठ्या बँकांकडेही अशी खाती आहेत, पण काउंटरवर नाव घेऊन मागावी लागतात. नाहीतर आधी महागडं खातं पुढे केलं जातं. क्रेडिट युनियनही चेक्ससिस्टम्स पाहतात, फक्त तिथे भरल्याचं पत्र वाचणारा माणूस समोर असतो. निव्वळ ॲपवर चालणाऱ्या काही कंपन्या हा अहवाल बघत नाहीत. पगार जमा करायला ठीक, पण त्या स्वतः बँक नसतात. एप्रिल २०२४ मध्ये सिनॅप्स ही ॲप आणि बँक यांच्या मधली कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्यामार्फत पैसे ठेवलेल्या हजारो लोकांची खाती महिनोन्‌महिने गोठली होती. ठेव विमा बँक बुडाली तर मिळतो, मधला दलाल बुडाला तर नाही. घरभाड्याची अनामत तिथे साठवू नये.

शेरा बदलल्यावर अहवाल पुन्हा मागवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मगच अर्ज करा, आणि एका वेळी एकाच बँकेत. आठवड्यात सहा बँकांत अर्ज केला की त्या सहा चौकश्या अहवालात दिसतात आणि सातवी बँक घाबरते. ऑनलाइन अर्जात नकार यंत्र देतं, शाखेत निदान कागद दाखवता येतो. जायच्या आधी फोन करून दोन प्रश्न विचारावेत: तुम्ही कुठल्या संस्थेचा अहवाल पाहता, आणि भरलेली जुनी नोंद चालते का. दुसऱ्याचं उत्तर नाही आलं तर अर्ज न करताच पुढच्या बँकेकडे वळा. सोबत पासपोर्ट, आय-९४, सोशल सिक्युरिटी कार्ड, घराचा करार, कंपनीचं पत्र आणि बँकेचं भरल्याचं पत्र. ते शेवटचं पत्र विचारण्याआधी टेबलावर ठेवावं. माणसाने स्वतः सांगितलेली जुनी थकबाकी आणि संगणकाने उघड केलेली थकबाकी यांत फरक पडतो, हे आम्ही शाखेत पाहिलं आहे.

खातं उघडलं तरी ती फाइल फेकू नका. विकलेली उधारी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, आणि भरलेली उधारीही कधी कधी यादीत राहून जाते. दोन वर्षांनी कुणीतरी फोन करून तेच ७२ डॉलर व्याजासकट मागतो. फोनवर काही कबूल करायचं नाही, खात्याचा क्रमांकही सांगायचा नाही. लेखी तपशील मागायचा, आणि तो आला की भरल्याच्या पत्राची आणि मनी ऑर्डरच्या पावतीची प्रत सर्टिफाइड मेलने पाठवायची. मूळ कागद आपल्याकडेच.